दोन डोळे ठेवून

दिंडोरीची शाळा रात्री वेगळीच असते.
बाक लहान, माणसं मोठी,
गुडघे मावत नाहीत म्हणून सगळे तिरके बसलेले
आणि फळ्यावर सकाळच्या कुणीतरी
अर्धा काढून ठेवलेला बेडूक.
मी त्याचं पोट तेवढं पुसलं, तिथे लिहिलं :
उपमा.

सतरा नंबरचा फॉर्म भरलेली अकरा जणं.
सारखा, जसा, गत, परी, सम,
यातला एक शब्द दिसला की उपमा समजायची, म्हटलं,
दोन गुण कुठे गेले नाहीत.
उदाहरणार्थ, मुख कमळासारखे.
मागून दत्तू उगले म्हणाला,
सर, कमळ बघितलंय का कुणी?
कुणीच नव्हतं. मी एकदा, गंगापूर धरणाच्या अलीकडे,
तेही जवळ गेल्यावर शिंगाड्याचं निघालं.

बरं, मग द्राक्षं घ्या.
"मणी," देवकी गावित म्हणाली.
सुरगाण्याहून टोळीबरोबर आलेली,
पेस्ट लावून लावून नखं रंगलेली.
"बागेत द्राक्ष कुणी म्हणत नाही. मणी म्हणतात."
मण्यासारखं?
"सारखं कशाला? मणीच."

'सारखं' गळून पडलं की रूपक होतं,
हे वाक्य मी बावीस वर्षं सांगतोय.
गळताना त्याचा आवाज होतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग कुणी थांबेना.
काडीला डोळे असतात, सर.
डोळे फुगतात. डोळे फुटतात.
आभाळ राहिलं तर घड जिरतो,
राग जिरतो तसा, दत्तू म्हणाला, आणि स्वतःच चपापला.
मण्यात पाणी उतरतं.
इथे देवकी अडली.
"माणसाच्या डोळ्यात पाणी येतं
आणि मण्यात उतरतं. असं का?"
मी फळ्याकडे वळून खडू शोधल्यासारखं केलं.
('सारखं' माझ्याकडेच उरलं होतं.)

यमक त्यांना येतच होतं, उखाणे घेऊन घेऊन.
लय म्हणजे काय, विचारलं तर म्हणाल्या,
एका रांगेत वीस कात्र्या चालतात,
एखादी मागे पडली तर
मान वर न करता कळतं, कोण.
मी ते वहीत लिहून घेतलं.
पुस्तकातली व्याख्या तीन ओळींची आहे.

मुक्तछंदावर आलो तेव्हा पावणेनऊ झाले होते.
घाईघाईने म्हटलं,
इथे ओळ कुठे तोडायची याला नियम नाही.
"असेल की," देवकी म्हणाली,
"एप्रिलात आम्ही दोन डोळे ठेवून मारतो.
जास्त ठेवले तर नुसती पानं.
डोळ्यावरच कात्री पडली, तर काडी
मुकी."

ती 'काडी'नंतर थांबली होती.
मी शपथेवर सांगतो, थांबली होती.

बाहेर टेंपोचा हॉर्न.
ठेकेदार फोनवर कुणाला तरी सांगत होता,
उद्या मोहाडीला वीस हात पाठवतो.
देवकीने वही डब्याच्या पिशवीत घातली.
"हा कोणता अलंकार, सर?"
अलंकार नाही, म्हटलं. ही लक्षणा.
शब्दाची शक्ती असते, ती. बारावीला आहे.
"म्हणजे अजून दोन वर्षं," ती म्हणाली,
"हातच."

टेंपोच्या फळ्यांना धरून बसलेले
मी मोजले. चाळीस भरले.
वीस कुणाच्या हिशोबात नव्हते.

फळा पुसायचा राहिला.
उद्या सकाळच्या पोरांना बेडकाच्या पोटात
मणी, डोळा, कात्री, हात
असं काय काय सापडेल.
पाय काढून तो पुरा करायचा
की हे सगळं आधी वाचायचं,
त्यांचं ते बघतील.